डिस्टिल्ड पाणी रोज प्यावं का? लातुरात दिवाळीपासून वापरतोय, तो अनुभव

घरात डिस्टिलर, म्हणजे पाण्याची वाफ करून तीच परत गार करणारं मशीन, आणल्यापासून येणारा-जाणारा हमखास विचारतो, "हे पाणी रोज प्यायलेलं चालतं का? हाडं ठिसूळ होतात म्हणे." चालतं. दिवाळीपासून आता जून उजाडला, घरातले सगळे हेच पाणी पितोय. त्यात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत आणि शाळेत जाणारी दोन मुलंही. सगळे ठणठणीत आहेत. पण आमच्या घरात कुणाला काही झालं नाही, एवढ्यावर दुसऱ्यानं विश्वास का ठेवावा? म्हणून हिशेब मांडूनच सांगते.

आम्ही राहतो त्या प्लॉटिंगच्या भागात नळ आलेला नाही, सगळा भरवसा बोअरवर. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळाच्या तोट्या बुजलेल्या, तुरीची डाळ सोड्याशिवाय शिजायची नाही. पण तेवढ्यासाठी कुणी डिस्टिलर घेत नाही. धाकट्या जावेला दिवस गेले होते, म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायला दिलं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, १,३४० निघाला, कठीणपणा ६२० आणि नायट्रेट ७८. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावा. नायट्रेटला अशी सवलत नाही. त्याची मर्यादा ४५, त्यापुढे नाही. आमच्याकडे घरागणिक शोषखड्डा आणि प्लॉटिंगच्या कडेला उसाची शेतं, नायट्रेट त्यातूनच झिरपत असणार.

उकळून काही होत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट आणि फ्लोराईड तिथंच राहतात. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण थोडं वाढतंच. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला, विशेषतः सहा महिन्यांच्या आत, असं पाणी फार वाईट. रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही आणि बाळ निळं पडतं.

आरओ का नाही घेतला, हेही विचारतात. आरओनंही नायट्रेट बरंच कमी होतं. पण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर सोडतो. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं पाइपातून वाहून जाणारं पाणी मला बघवत नाही. ते भांड्यांना, फरशीला वापरता येतं हे खरं, पण मार्चनंतर बोअर थांबत थांबत चालायला लागलं की पहिला घोटच पुरवून वापरावा लागतो. डिस्टिलरमध्ये चार लिटर ओतलं की पावणेचार लिटर तरी हाती लागतं.

मशीन साधं आहे. खाली स्टीलचं भांडं, वर कॉइल आणि पंखा. वाफ कॉइलमध्ये गार होऊन काचेच्या जगमध्ये थेंबथेंब पडते, क्षार खालीच राहतात. एका खेपेला साडेचार तास आणि सव्वातीन-साडेतीन युनिट. पिण्यापुरत्या दोन खेपा रोज लागतात, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर दोन हजार रुपये नुसत्या पिण्याच्या पाण्याला! आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे, दिवसा उन्हात मशीन लावतो, म्हणून परवडलं. सोलर नसतं तर मी हे ठेवलं नसतं. आणि हे कुठल्या एका कंपनीचं दुखणं नाही. लिटरभर पाण्याची वाफ करायला ०.७ युनिट तरी लागतातच. कुणी त्याहून कमी सांगत असेल तर तिथून उठून या.

आता हाडांचं. मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मानकाप्रमाणे चांगल्या पाण्यात लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असावं. दिवसाला दोन लिटर प्यायलात तर त्यातून १५० मिलिग्रॅम. डिस्टिल्ड पाण्यात ते मिळत नाही, पण कपभर दुधात त्याहून जास्त असतं. मॅग्नेशियम ज्वारीच्या भाकरीत भरपूर, आणि तीळ म्हणजे तर कॅल्शियमची खाणच. पाणी हाडातून कॅल्शियम ओढून नेतं, असं काही होत नाही. रक्तातल्या क्षारांचा तोल मूत्रपिंडं आणि संप्रेरकं सांभाळतात. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण ते रक्ताशी जुळवलेलं असतं. चांगल्या नळाच्या पाण्यात अर्धा ग्रॅमही क्षार नसतात. म्हणजे रक्ताच्या मानानं दोन्ही पाणी जवळजवळ सारखीच कोरी. नुसतं डिस्टिल्ड पाणी शिरेत गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, हे खरं, पण पोटात जाणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली काढलेल्या अहवालात क्षार काढून टाकलेलं पाणी वर्षानुवर्षं पिण्याबद्दल सावध केलेलं आहे, विशेषतः मॅग्नेशियमबद्दल. ज्या घरात दूध-भाजी रोज जमत नाही, तिथं पाण्यातलं थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियमही मोलाचं, असा मी त्याचा अर्थ घेते. आम्ही भाजी उकळलेलं पाणी ओतून देत नाही, आमटीत घालतो. मे महिन्याच्या उन्हात शेतातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी पाजत सुटू नये, ताक किंवा मीठ-साखर-लिंबू द्यावं. पण हे कुठल्याही पाण्याला लागू आहे.

चव सपक असते, पहिल्या आठवड्यात घशाखाली उतरत नाही. गरम-गरम वासही येतो. काही उडून जाणारे पदार्थ वाफेबरोबर पुढं येतात, त्यासाठी तोटीत कोळशाची पुडी असते, ती वेळच्या वेळी बदलावी. सासूबाईंना तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायचं होतं, मी ठेवू दिलं नाही. हे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आंबट होतं आणि धातू जास्त विरघळवतं. स्टील किंवा काच बरी. त्यात क्लोरीन नसतं, म्हणून झाकण घट्ट हवं आणि आत वाटी बुडवायची नाही.

सुख कशाचं वाटलं, तर डाळीचं. या पाण्यात तूरडाळ सोड्याविना मऊ शिजते, कारण डाळीला घट्ट धरून ठेवणारा चुना त्यात नसतो. भांड्याच्या तळाशी मात्र रोज तपकिरी-पांढरा खर बसतो. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात ठेवला की सुटून येतो. हा खर बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "हेच जमून मुतखडा होतो बघ." तसं सरळ नाही. पाणी कमी पिणं हे मुतखड्याचं मोठं कारण आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात ते सर्रास होतं.

मांजरा धरणाचं नळाचं पाणी मिळत असेल आणि तपासणीत ठीक असेल, तर हे मशीन घेऊ नका. किनवटकडे फ्लोराईडचं पाणी असलेल्यांनी, किंवा आमच्यासारखं नायट्रेट निघालेल्यांनी विचार करावा. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी तर कधीच पिऊ नका, ते पिण्यासाठी भरलेलंच नसतं.

घेताना भांडं, कॉइल आणि तोटी तिन्ही स्टीलची आहेत का ते पाहा. आमच्या मशीनचा पंखा भर एप्रिलमध्ये बंद पडला, दुरुस्ती होईपर्यंत जारचं पाणी आणावं लागलं. मीटरवर टीडीएस आता ४-५ दिसतो. पण मीटरला जंतू दिसत नाहीत, म्हणून पावसाळा लागला की जगमधलं पाणीही प्रयोगशाळेत देणार आहे.