कॅनन १५००डी: वरचं चाक समजायला आठ महिने गेले

कॅमेरा सेकंड हँड घेतला नागपूरच्या सीताबर्डीतून, १८-५५ मिमीच्या झूम लेन्ससकट. दुकानदार म्हणे, काही टेन्शन नाही भाऊ, ए प्लसवर ठेवा अन् दाबा. ए प्लस म्हणजे वरच्या चाकावरचा असा मोड, जिथे सगळं कॅमेराच ठरवतो. मी ठेवला. फुटाळ्यावर संध्याकाळी मित्राचा फोटो काढायला गेलो तर फ्लॅश स्वतःच टणकन वर आला, मित्र चुन्यात बुडवल्यासारखा पांढरा आणि मागचा तलाव गायब, नुसता काळोख. फ्लॅश बंदवाल्या मोडवर केलं तर शटर इतकं हळू झालं की हात हलला अन् सगळंच पुसट.

मग चाकावरचा टीव्ही. मला खरंच वाटलं हा टीव्हीला जोडायचा मोड आहे, हसू नका. टाइम व्हॅल्यू म्हणजे शटर किती वेळ उघडं राहील ते तुम्ही सांगायचं, बाकी कॅमेरा बघतो. मारबतीच्या मिरवणुकीला इतवारीत गेलो, बडगे म्हणजे मिरवणुकीतले पुतळे नाचत येऊन राहिले, पोरं 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडून राहिली, धक्काबुक्की नुसती, मी १/१००० सेकंद लावून धडाधड काढले. घरी येऊन बघतो तर गल्लीतले सगळे काळे! आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १०० वरच राहिला होता, आणि डोळा लावायच्या खिडकीत एफचा आकडा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते, लुकलुकत होता तो म्हणजे 'उजेड पुरत नाही बाबा' असं सांगत होता, पण सांगितलं कोणाला कळतं. आता आयएसओ ऑटो, १/५००, चेहऱ्यावर उडालेला रंगसुद्धा कणकण दिसतो.

पण माझा जीव चाकावरच्या एव्ही मोडवर. एफचा आकडा आपण ठरवायचा, लहान आकडा म्हणजे मागचं धूसर, मोठा म्हणजे पुढचंमागचं बऱ्यापैकी स्पष्ट. या लेन्सला ५५ वर झूम केलं की ५.६ च्या खाली जाता येत नाही, त्यामुळे मागचं लोण्यासारखं विरघळेल ही आशा सोडा. दीक्षाभूमीला एफ ८ वर घुमट काढला तर पांढराशुभ्र घुमट राखाडी आला. कॅमेऱ्याचा दोष नाही, त्याला समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचंच करायची सवय असते. अधिक-उण्याचं बटण दाबून धरून आकडे बदलायच्या दुसऱ्या चाकाने अधिक १ वर नेलं, की घुमट पुन्हा पांढरा.

राग एकाच गोष्टीचा, आकडे बदलायचं चाक एकच दिलंय. एम मोडमध्ये, जिथे शटर आणि एफ दोन्ही आपणच ठरवायचं, शटर त्याच चाकाने, एफसाठी तेच बटण दाबून परत तेच चाक, तोवर पक्षी उडून गोरेवाड्याला पोहोचतो. शिकायला मात्र मस्त, २४ मेगापिक्सेल घरगुती कामाला भरपूर. वरच्या चाकावरची पोर्ट्रेट, लँडस्केपची चित्रं मी आता वापरतच नाही. फक्त जेवणाचं चित्र कधीमधी लावतो, तर्री पोह्याची तर्री त्यात जरा जास्तच लाल येते आणि व्हॉट्सॲपवर पुण्याचे नातेवाईक जळतात.