ई-रीडर वर्षभर वापरला, वाचायला झकास पण सिंकचं सेटिंग आधी बघा

ऑफिस ऐरोलीला, ठाण्याहून रोज ट्रान्सहार्बर लोकलने जाते, त्या गर्दीत जाड पुस्तक काढणं शक्यच नाही म्हणून मागच्या दिवाळीत सहा इंची ई-रीडर घेतला. स्क्रीन खरंच सुंदर, उन्हात पण दिसते, मराठी जोडाक्षरं नीट येतात, चार्जिंग आठवडाभर बघावं लागत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं सगळं थोड्याफार फरकाने बऱ्याच रीडरना लागू आहे.

झालं असं की बाबांना कॅन्सर निघाला, स्टेज कुठली ते आईला अजून सांगितलं नव्हतं आणि मी ट्रेनमध्ये त्यावरचंच एक पुस्तक वाचत होते. आमचं अकाउंट एकच, आईच्या टॅबवर त्याच रीडरचं अॅप. एका संध्याकाळी घरी आले तर ती चष्मा लावून टॅब घेऊन बसलेली, तेच पुस्तक उघडं, मी खूण केलेल्या ओळी पिवळ्याधमक दिसत होत्या. "हे बाबांचंच आहे ना गं?" एवढंच विचारलं तिने. मला तिला हे शेजारी बसून सांगायचं होतं हो.

वाय-फाय आणि सिंक चालू असलं की कुठल्या पानावर आहात, काय हायलाइट केलं, काय नोट लिहिली हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून त्या अकाउंटच्या बाकीच्या डिव्हाइसवर उतरतं. सोयीचं आहे, मान्य, पण पेन्सिलने मारलेली रेघ अशी कुठे जात नाही. आणि हे काही नवीन नाही, २०१४ मध्ये अॅडोबीच्या ई-बुक सॉफ्टवेअरमधून वाचकांची माहिती एन्क्रिप्ट न करताच, म्हणजे मधल्या कोणालाही वाचता येईल अशी उघडी, सर्व्हरवर जाताना सापडली होती, आणि त्याआधी २००९ मध्ये अॅमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं त्यांच्या किंडल रीडरवरून परस्पर उडवली होती, पैसे परत दिले आणि ओरड झाल्यावर नंतर पुस्तकंही परत देऊ केली, पण उडवताना विचारलं कोणालाच नाही.

आता आईचं अकाउंट वेगळं केलंय. माझ्या रीडरवर सिंक बंद, मग एअरप्लेन मोड (नुसता एअरप्लेन मोड पुरत नाही, परत ऑनलाइन गेलात की साठलेलं वर जाऊ शकतं). पासकोड टाकलाय. स्क्रीन लॉक असताना चालू पुस्तकाचं कव्हर दिसायचं तेही बंद केलं, लेडीज डब्यात शेजारची सहज वाचते. कॉपीराइट संपलेली किंवा डीआरएम (कॉपी करू न देणारं डिजिटल कुलूप) नसलेली पुस्तकं लॅपटॉपवर कॅलिबर नावाच्या ई-बुक सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन केबलने टाकते, कॅलिबर फुकट आहे आणि अर्ध्या तासात जमतं.

स्क्रीनला पाच स्टार, प्रायव्हसीला दोनच, कारण सिंक पहिल्यापासून चालू होतं आणि बंद करायचं बटण पार आत कुठेतरी. आणि जुना रीडर कोणाला देणार असाल तर अकाउंट काढून फॅक्टरी रीसेट मारा, नुसती पुस्तकं डिलीट करून देऊ नका.