सीडी३, सीडी४, सीडी८: टी-पेशींचं पॅनेल काही महिने वापरल्यावर

मानवी रक्तातल्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींना चमकणाऱ्या रंगांच्या अँटीबॉडी लावून लेझरसमोरून एकेक सोडून, मोजायला गेले काही महिने मी जवळपास एकच पॅनेल (अँटीबॉडी-रंगांचा ठरलेला संच) वापरतेय. सीडी३, सीडी४, सीडी८ ही पेशींच्या पृष्ठभागावरची ओळखचिन्हं, म्हणजे मार्कर: सीडी३ टी-पेशींचं, सीडी४ आणि सीडी८ त्यांच्या दोन मुख्य गटांचं. रंग असे: सीडी३ला एफआयटीसी, सीडी४ला पीई, सीडी८ला एपीसी आणि मेलेल्या पेशींसाठी एक व्हायोलेट डाय. निकाल आधीच सांगते: नवशिक्यालाही जमेल असं हे पॅनेल आहे. त्यात पीई-सीवाय७ हा जोडरंग आणला की मात्र कटकट सुरू होते.

एपीसीची जागा दुसऱ्या मार्करसाठी हवी होती म्हणून सीडी८ पीई-सीवाय७वर गेलं. हा टँडम डाय आहे. त्यातलं पीई लेझरचा प्रकाश घेतं आणि ऊर्जा शेजारच्या सीवाय७ला देतं, त्यामुळे चमक ५७५ नॅनोमीटरऐवजी सुमारे ७८०ला मिळते. उजेडात राहिलं किंवा फिक्सेटिव्हमध्ये (पेशी टिकवणाऱ्या रसायनात) जास्त वेळ पडून राहिलं, की ही देवघेव बिघडते आणि पीई स्वतःच चमकायला लागतं. मग सीडी८च्या पेशी सीडी४च्या चॅनेलमध्येही दिसतात. निरोगी प्रौढाच्या रक्तात सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असलेल्या टी-पेशी थोड्याच असतात, त्यांचं खरं घर थायमस, म्हणजे टी-पेशी जिथे घडतात ती ग्रंथी. त्यामुळे प्लॉटवर उजवीकडे वर, म्हणजे दोन्ही मार्कर असलेल्या पेशींच्या जागी, अचानक गर्दी दिसली, तर शोध लागला म्हणून नाचण्याआधी अँटीबॉडीची व्हायल (कुपी) बघावी. सीडी८ जितकं जास्त तितकी पीईची चमकही जास्त, अशी तिरकी शेपटी दिसली तर बहुतेक डायच तुटलाय किंवा कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये सांडणारी चमक वजा करणं) चुकलंय. कॉम्पेन्सेशनची सिंगल-स्टेन (एकच रंग लावलेली) ट्यूब त्याच व्हायलमधून आणि त्याच दिवशी करायची, कारण टँडमचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा वागतो. आणि पीई असलेलं काहीही फ्रीझरमध्ये टाकायचं नाही, ४ अंशांवरच ठेवायचं.

अँटीबॉडी किती घालायची? पत्रकातला आकडा डोळे झाकून घेऊ नका. प्रमाण निम्मं-निम्मं करत टायट्रेशन केलं, म्हणजे योग्य मात्रा शोधली, तर बऱ्याचदा कमी प्रमाणातच निगेटिव्ह पेशी खाली बसतात आणि दोन गठ्ठे स्वच्छ वेगळे होतात. जास्त ओतलं की पार्श्वभूमीच वर येते.

गेटिंगमध्ये, म्हणजे प्लॉटवर हव्या त्या पेशींचा गट निवडताना, सीडी३ आधी, यात तडजोड नाही. मोनोसाइट आणि एनके या टी-पेशी नसलेल्या पांढऱ्या पेशी, पण मोनोसाइटवर थोडं सीडी४ असतं, काही एनके पेशींवर फिकं सीडी८ असतं. सीडी३ न लावता नुसत्या सीडी८वरून 'किलर टी-पेशी' मोजणारे आकडे बघितले की मला कसंतरीच होतं. मेलेल्या पेशी तर दिसेल ती अँटीबॉडी चिकटवून घेतात, म्हणून तो व्हायोलेट डाय ऐच्छिक समजू नये. तो अमाइनला (प्रथिनांतल्या रासायनिक गटाला) चिकटणारा असेल, तर त्या पायरीला बफरमध्ये सीरम किंवा अल्ब्युमिन नको.

पीएमए-आयोनोमायसिन या रसायनांच्या जोडीने पेशी उत्तेजित केल्या की सीडी४ पृष्ठभागावरून आत ओढलं जातं आणि गठ्ठा फिका पडतो. तिथे मी सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी८ निगेटिव्ह असा आडमार्ग घेते. अगदी काटेकोर नाही, पण चालतो.

क्लोनही, म्हणजे अँटीबॉडीचा नेमका वाणही, बघून घ्यावा. ओकेटी३ आणि यूसीएचटी१ हे दोन्ही सीडी३ला चिकटणारे क्लोन. ओकेटी३ने पेशी जागवल्या असतील, तर नंतर यूसीएचटी१ने सीडी३ नीट दिसेलच असं नाही, दोघं एकाच जागेसाठी भांडतात. (हीच ओकेटी३ १९८६ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी औषध म्हणून मंजूर झाली. माणसावर वापरायला मान्यता मिळालेली पहिली मोनोक्लोनल अँटीबॉडी.)

रिकाम्या झालेल्या एपीसीवर आता सीसीआर७ हा मार्कर बसवलाय, सोबत सीडी४५आरए हा दुसरा वेगळ्या रंगात, नाइव्ह (अजून कोणत्याही जंतूला न भेटलेल्या) आणि मेमरी (आधी भेटलेल्या) पेशी वेगळ्या काढायला. सीसीआर७ बर्फावर फिकं येतं. ते आधी एकटं ३७ अंशांवर लावायचं, बाकीचं मिश्रण त्यानंतर.