गुडघ्याची कूर्चा: मायक्रोफ्रॅक्चर की पेशीरोपण?

गुडघ्याच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, खड्डा पडलेल्या मैत्रिणीला डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत आणि ती अडकून पडली आहे.

मायक्रोफ्रॅक्चर एकाच वेळी, दुर्बिणीतून होतं. हाडाला बारीक छिद्रं पाडतात, मज्जेतलं रक्त खड्ड्यात गोठतं आणि तिथे तंतुमय कूर्चा धरते. मूळ कूर्चेपेक्षा ती कमी टिकाऊ. पेशीरोपणात शस्त्रक्रिया दोन: आधी तिच्याच कूर्चेचा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत काही आठवडे त्यातल्या पेशी वाढवायच्या, मग बसवायच्या. खर्च कितीतरी जास्त. कुबड्या आणि महिनोन्‌महिने व्यायाम दोन्हीकडे आहेतच.

टिकण्याचं काय? नॉर्वेत 80 रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. 14 ते 15 वर्षांनंतरचे निकाल 2016 साली आले: पेशीरोपण 40 पैकी 17 जणांत फसलं, मायक्रोफ्रॅक्चर 13 जणांत, हा फरक निर्णायक नाही. एक्स-रेत मात्र दोन्ही गटांतल्या जवळपास निम्म्यांना संधिवाताची सुरुवात दिसली. महाग म्हणजे टिकाऊ, हे इथे सिद्ध झालेलं नाही.

खड्डा दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर माझ्या मते मायक्रोफ्रॅक्चर पुरे. मोठा असेल, वय कमी असेल आणि पैशांची सोय असेल, तर पेशीरोपणाचा विचार करावा. पाय वाकडा असेल तर आधी तो सरळ करून घ्यावा.