खाऱ्या पाण्याचा टँक आणि वर्षभराचं मेंटेनन्स, पाचपैकी चार स्टार

घोडबंदर रोडला आमचं दातांचं क्लिनिक आहे, वेटिंगमधली पोरं आतल्या ड्रिलचा आवाज ऐकूनच भोकाड पसरतात म्हणून मागच्या वर्षी मासे ठेवायचं ठरलं. गोल्डफिश मला नको होते. त्याच्या आधीच्या वर्षी लक्षद्वीपला स्नॉर्केलिंग करून आले होते आणि डोक्यात तेच रंग बसलेले. या दुकानातून तीन फुटी टँक घेतला, साधारण १९० लिटरचा, आणि मेंटेनन्स पण यांनाच दिलं. आता वर्ष झालं म्हणून लिहितेय.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेले होते, नाव राहू दे. तिथला म्हणाला मॅडम रविवारपर्यंत सगळं लावून देतो, पाणी, मासे, जिवंत कोरल पण, फक्त बिल मागू नका. तिथूनच मागे फिरले. इथे सांगितलं तर दुकानाचे दादा हसायलाच लागले, म्हणाले डॉक्टर, दगडी प्रवाळ, म्हणजे हेच कोरल, वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्यूलला आहे, वाघ ज्या यादीत त्याच यादीत, वाघ बांधाल का वेटिंगमध्ये? मग आमच्याकडे सिरॅमिकचे दगड आले. सुरुवातीला खरं सांगते, प्लॉटवरचं डेब्रिज आणून टाकल्यासारखं दिसत होतं, आता कुठे त्यांच्यावर जांभळट थर धरायला लागलाय.

आणि मासे? पाच आठवडे मासे दिलेच नाहीत! पाण्यात कोळंबीचा एक तुकडा टाकून ठेवला, सडायला. त्यातून अमोनिया होतो, मग एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि ही मंडळी दगडात नीट वस्तीला आली की मगच मासे, नाहीतर स्वतःच्याच घाणीने मरतात. क्लिनिकमधल्या मावशींना हे काही पटलं नाही, चांगली कोळंबी वाया घालवली एवढंच त्यांचं म्हणणं. पेशंट रोज विचारायचे मासे कुठेत, मी सांगायचे लपलेत.

आता माझ्या आवडीचा भाग. रीफवर, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकावर, क्लीनर रॅस म्हणून बोटाएवढा निळा-काळा मासा असतो, तो मोठमोठ्या माशांच्या तोंडात शिरून किडे आणि मेलेली कातडी खातो आणि ते मासे आ करून गप्प उभे राहतात, अपॉइंटमेंट घेतल्यासारखे. दातांच्या डॉक्टरला दुसरं काय हवं, म्हटलं हाच पाहिजे. दादा नाही म्हणाले. एवढ्याशा टँकमध्ये साफ करायला त्याला गिऱ्हाइकंच मिळणार नाहीत, बरेचसे उपाशी मरतात. त्याऐवजी क्लीनर श्रिम्प दिला, पाठीवर लाल पट्टे आणि मधोमध पांढरी रेघ, लांबलचक पांढऱ्या मिशा, तेच काम करतो पण गोळ्या पण खातो. काच पुसायला हात घातला की हा येऊन नखाच्या कडेची सुटलेली कातडी टोकरतो, इतक्या हलक्या हाताने की मला माझ्या स्केलिंगची लाज वाटली. आता पोरं त्याच्यासाठी लवकर येतात.

पॅरटफिश पण मागितला होता, तोही नाही मिळाला (फूटभर तर सहज वाढतो). लक्षद्वीपला पाण्याखाली त्यांचा दगड फोडल्याचा कर्रकर्र आवाज चक्क ऐकू येत होता. शेवाळासाठी दगड खरवडायचा, घशात दळायचा आणि मागून वाळू सोडायची, तिथल्या पांढऱ्या किनाऱ्यातली बरीचशी वाळू अशीच तयार झालेली. त्यांचे दात फ्लोरापेटाइट या खनिजाचे असतात, म्हणजे आपण फ्लोराइड लावून इनॅमलमध्ये जे थोडंसं आणायला धडपडतो त्याचेच!

क्लाऊनफिशची जोडी आहे. मोठी ती मादी, ती गेली तर नरच पुढे मादी होतो, हे एका आजोबांना सांगितलं तर ते दोन मिनिटं काचेकडे बघतच बसले. जोडीने काच पुसायच्या चुंबकाला घर केलंय, त्याला हात लावला की चावतात.

सर्व्हिस बघाल तर दर पंधरा दिवसांनी दुकानाचा मुलगा सकाळी आठच्या आत, ट्रॅफिकच्या आधी, पाणी बदलायला वीस लिटरचे दोन कॅन घेऊन येतो, लिफ्ट बंद असली तरी. एकदा मी दहा दिवस गावी होते. टँकचं पाणी रोज दोनेक लिटर उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून फक्त आरओचं पाणी घालायचं असतं. मावशींनी जास्तीचा ठेवलेला खाऱ्या पाण्याचा अख्खा कॅन थोडा थोडा करून संपवला, खारं कमी झालं तर खारंच घालणार ना! मुलाने आल्या आल्या एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) टाकला, १.०२५ च्या जागी १.०२८. मावशींना एक शब्द बोलला नाही, दोन दिवस येऊन हळूहळू उतरवलं.

एक स्टार कापला तो मे महिन्यासाठी. शनिवारी रात्री पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला, रविवारी यांचा फोन कोणी उचलत नाही म्हणजे नाहीच, मी आणि नवरा बर्फाच्या बाटल्या सोडत बसलो तरी पाणी २६ वरून ३१ ला गेलं. मासे वाचले. खरं कोरल असतं तर त्या दोन दिवसांत काय झालं असतं कोण जाणे, समुद्रात नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादी डिग्री जास्त काही आठवडे राहिली तरी प्रवाळ अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, आणि त्याचं बहुतेक जेवण त्या शेवाळाकडूनच येतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला हेच झालं, मी पाहिलं तेव्हाही अर्ध्याअधिक फांद्या करड्याच होत्या. तिथे बर्फाच्या बाटल्या सोडायची सोय नाही. सोमवारी दादांनी सॉरी म्हणत दुसरा चिलर लावून दिला, पैसे घेतले नाहीत.

अजून एक, कॅनमधून ठिबकून लॅमिनेटवर मिठाचे डाग पडलेत आणि इलेक्ट्रिक बोर्डावर पांढरं चढायला लागलंय. यावर्षीचं काँट्रॅक्ट रिन्यू केलंय, पण बोर्ड वर सरकवून द्या आणि रविवारचा एक नंबर द्या, एवढं सांगून.