एचडी सेट-टॉप बॉक्स टीव्हीला कोणत्या वायरने जोडावा?

एचडी बॉक्स आला, वाहिन्यांचे एचडी पॅकही घेतले, तरी चित्र पूर्वीइतकेच धूसर दिसते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी दोष बहुधा बॉक्सचाही नसतो आणि टीव्हीचाही नसतो. जुन्या बॉक्सची पिवळी-पांढरी-लाल एव्ही वायर काढून तीच नव्या बॉक्सला लावलेली असते. या वायरीतली पिवळी तार प्रकाश आणि रंग यांची सगळी माहिती एकत्र कालवून अ‍ॅनालॉग स्वरूपात नेते आणि तिच्यातून ४८० किंवा ५७६ ओळींपलीकडचे चित्र जाऊच शकत नाही. त्यामुळे १०८० ओळींचे चित्र टीव्हीपर्यंत पोहोचण्याआधी बॉक्सच्या आतच लहान केले जाते. टीव्हीला एव्हीशिवाय दुसरी सोयच नसेल, तर एचडी पॅकसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एचडीएमआयचे एव्हीत रूपांतर करणारे छोटे कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांनीही ही मर्यादा सुटत नाही.

म्हणजे खरी निवड एचडीएमआय आणि कॉम्पोनंट या दोघांतच आहे. एचडीएमआयची एकच वायर चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल स्वरूपात नेते. कॉम्पोनंटमध्ये हिरवी, निळी आणि लाल अशा तीन तारा फक्त चित्रासाठी लागतात आणि आवाजासाठी पांढरी व लाल अशा आणखी दोन जोडाव्या लागतात. या पाच तारांत लाल रंगाच्या दोन असतात आणि घोळ नेमका तिथेच होतो. त्यांची अदलाबदल झाली, की चित्र दिसते खरे, पण रंग भलतेच होतात आणि उजव्या स्पीकरमधून आवाजाऐवजी गुणगुण ऐकू येते. जोडणी बरोबर असेल, तर कॉम्पोनंटमधून १०८०आयचे, म्हणजे १०८० ओळींचे, चित्र उत्तम येते. मध्यम आकाराच्या पडद्यावर नेहमीच्या अंतरावरून पाहताना दोन्हींतला फरक पुष्कळांना सांगताही येणार नाही. मात्र नवे बॉक्स आणि नवे टीव्ही यांच्यामागे कॉम्पोनंटची छिद्रे सापडतीलच असे नाही, म्हणून वायर आणण्यापूर्वी दोन्हींच्या मागची बाजू नीट पाहून घ्यावी.

एचडीएमआयची एक खोड मात्र माहीत असावी. चित्राची नक्कल होऊ नये म्हणून बॉक्स आणि टीव्ही एकमेकांची ओळख पटवून घेतात. या व्यवस्थेला एचडीसीपी म्हणतात. ओळख पटली नाही, तर पडदा काळा राहतो किंवा त्यावर सूचना येते. बहुतेक वेळा टीव्ही आधी आणि बॉक्स नंतर सुरू केल्याने, किंवा वायर काढून पुन्हा घट्ट बसवल्याने काम भागते; पण ही व्यवस्था नसलेल्या जुन्या टीव्हीसाठी कॉम्पोनंटच बरा. महागड्या वायरीच्या मोहात मात्र पडू नये. डिजिटल संकेत नीट पोहोचला, की स्वस्त आणि महाग वायरीतून तेच चित्र येते; वायर खराब असेल तर ते धूसर होत नाही, त्यात ठिपके चमकतात किंवा ते तुटते.

वायर जोडल्यावरही काम अर्धेच झालेले असते, कारण बॉक्सच्या सेटिंगमध्ये किती ओळींचे चित्र बाहेर पाठवायचे हे ठरवावे लागते. ७२०पीमध्ये १२८० × ७२० ठिपक्यांचे पूर्ण चित्र एका वेळी येते. १०८०आयमध्ये १९२० × १०८० ठिपके असतात, पण विषम आणि सम ओळी आळीपाळीने पाठवल्या जातात आणि त्या जुळवण्याचे काम टीव्हीला करावे लागते. टीव्ही फुल एचडी किंवा त्याहून वरचा असेल, तर १०८०आय निवडावे. पडदा १३६६ × ७६८चा असेल, तर ७२०पीनेही फारसे काही गमावत नाही. काही बॉक्समध्ये मूळ प्रक्षेपण जसेच्या तसे सोडण्याचाही पर्याय असतो. त्यात चित्र जुळवण्याची सगळी जबाबदारी टीव्हीवर जाते, जे चांगल्या टीव्हीत हिताचे असते. पण वाहिनी बदलताना ओळींची संख्या बदलली, की पडदा क्षणभर काळा होतो. सतत वाहिन्या बदलणाऱ्यांच्या घरी हा पर्याय टिकत नाही.

चेहरे रुंद दिसू लागले, तर बॉक्सचे चित्र १६:९ आणि टीव्हीचा झूम बंद आहे ना, ते पाहावे. कडेची अक्षरे कापली जात असतील, तर टीव्हीच्या मेनूत पूर्ण चित्र दाखवणारा पर्याय शोधावा. त्याचे नाव प्रत्येक कंपनीने वेगळे ठेवलेले असते.

आवाज टीव्हीतूनच ऐकायचा असेल, तर एचडीएमआयखेरीज काहीच लागत नाही. सराऊंडचे स्पीकर असतील आणि बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल, तर आवाज थेट बॉक्समधून अ‍ॅम्प्लिफायरला न्यावा, कारण काही टीव्ही बाहेरून आलेला ५.१ (सहा चॅनेलचा) आवाज पुढे पाठवताना दोनच चॅनेलचा करून टाकतात. अशा जोडणीत आवाज चित्राच्या किंचित पुढे धावू शकतो. ओठांची हालचाल आणि शब्द जुळेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरमधील विलंबाची सेटिंग थोडी थोडी वाढवत जावी.