काठावर की समुद्रात: येसचा आधी कुठला अल्बम घ्यावा?

येस या ब्रिटिश रॉक बँडच्या चाहत्यांत 'टेल्स' असं नुसतं म्हटलं की एक जण डोळे मिटून घेतो आणि दुसरा घड्याळ बघतो. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' (१९७३) घ्यावा की त्याआधीचा 'क्लोज टू द एज' (१९७२), हा प्रश्न म्हणूनच पडतो. 'क्लोज'मध्ये तीन गाणी, ३८ मिनिटांच्या आत खेळ खलास. 'टेल्स'मध्ये चार गाणी, ८१ मिनिटं, दोन एलपींच्या चार बाजू. एका सीडीतही मावत नाही.

मराठी माणसाचा ओढा खरं तर 'टेल्स'कडे हवा. बँडचा गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली शास्त्रांवरची एक तळटीप वाचली आणि श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र अशा चार बाजू पाडल्या. कव्हरवरच्या त्याच्या टिपणात स्मृतीचं 'सुरितीज' झालंय. आपल्याला ठसका लागतो, पण एका तळटिपेवर ८१ मिनिटं कीर्तन लावणाऱ्याला एवढं माफ करावं. कीबोर्डवाल्या रिक वेकमनने मात्र केलं नाही. माल एका एलपीपेक्षा जास्त, दोनपेक्षा कमी, म्हणून पाणी घातलं, ही त्याची जुनी तक्रार. मँचेस्टरला तर कार्यक्रम चालू असतानाच त्याने स्टेजवर करी खाल्ली. ऑर्डरही साधी नव्हती: व्हिंदालू, पापड, भेंडीची भाजी आणि मुंबईत शोधून न सापडणारा बॉम्बे आलू. १९७४मध्ये तो बँडमधून बाहेर पडला.

पाणी सगळीकडे आहे असं मला वाटत नाही. पहिली आणि चौथी बाजू कुणाहीपुढे ठेवावी अशी आहे. माझं अडतं ते तिसऱ्या बाजूवर, 'दि एन्शंट'वर. शेवटच्या सहाएक मिनिटांत स्टीव्ह हावची स्पॅनिश गिटार आणि त्यावर अँडरसनचं साधं, सुरेख गाणं येतं. त्याआधी बारा मिनिटं स्टील गिटार आणि ठोकाठोक. सीडीवर अख्खी बाजू म्हणजे एकच ट्रॅक, त्यामुळे थेट पोचता येत नाही. पुढे पळवायला जावं तर गाणं हुकतं, मग मागे या. एलपीवर उपाय आहे. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की हळू वाजणाऱ्या भागातल्या खाचा जास्त काळ्या, गुळगुळीत दिसतात. आतल्या एक तृतीयांश भागात तो पट्टा हेरायचा आणि सुई तिथे अलगद टेकवायची. जमतं, पण दर वेळी कोण करणार?

'क्लोज'मध्ये ही कटकट नाही. शीर्षकगीत एलपीची अख्खी बाजू खातं, तरी त्यातलं काही टाळावंसं वाटत नाही. मधला संथ तुकडा, त्यात चर्चमध्ये रेकॉर्ड केलेला ऑर्गन, आणि मग बँड पुन्हा उसळतो तो क्षण. आधीचं सगळं ऐकल्याशिवाय तो अंगावर येतच नाही. हाच शेवटचा अल्बम वाजवून ड्रमवाला बिल ब्रुफोर्ड किंग क्रिमझन या दुसऱ्या बँडमध्ये गेला. 'टेल्स'वर ॲलन व्हाइट आहे.

जुनी प्रत घेताना एक सांभाळा. 'क्लोज'ची सुरुवात पक्षी आणि पाण्याच्या आवाजाने होते, त्यात खरखर लपून जाते. दुकानात सुई बाजूच्या मध्यावर टेकवायला सांगा. संथ तुकड्यात प्रत्येक टकटक ऐकू येते. 'टेल्स'ची चौथी बाजू साडेएकवीस मिनिटांची. एवढं एका बाजूत कोंबायचं तर खाचा जवळजवळ आणि आवाज कमी ठेवून कापाव्या लागतात. शेवट शांत आहे, म्हणून आवाज वाढवला की खरखरही वाढते. त्यामुळे 'टेल्स' सीडीवर बरा. २००३च्या आवृत्तीत पहिल्या गाण्याआधीची दोनेक मिनिटं परत जोडली आहेत. आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं. संगीतकार स्टीव्हन विल्सनची नवी मिक्स (जुन्या रेकॉर्डिंगची नव्याने जुळवणी) दोन्हींची निघाली आहेत, 'क्लोज' २०१३ आणि 'टेल्स' २०१६. माझ्या कानाला तरी त्यात बँडच्या क्रिस स्क्वायरचा बेस जास्त मोकळा वाटतो.

तेव्हा आधी 'क्लोज' घ्या. 'टेल्स' नंतर, आणि तोही चौथ्या बाजूपासून, मग पहिली, मग तिसरी. सुरितीजची बाजू सगळ्यात शेवटी, जेवण मागवून झाल्यावर.